सिनेमा घरीही बघता येतो, मग एम.ए.ला कशाला?

इंग्रजी एम.ए.च्या अभ्यासक्रमात सिनेमा किंवा संस्कृती-अभ्यासाचा (कल्चरल स्टडीजचा) पेपर आला, की महाराष्ट्रात तोच वाद पुन्हा उकरून काढला जातो. मुलांना धड कादंबरी वाचता येत नाही आणि तुम्ही त्यांना सिनेमे कसले दाखवता? सिनेमा काय, घरीही बघता येतो!

इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना चीड येते, कारण असाच मुद्दा इथे १८८७ मध्येच मांडून झाला आहे, आणि तोही साहित्याबद्दलच. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याला स्वतंत्र स्थान द्यावं का, यावर तेव्हा रण माजलं होतं. एडवर्ड फ्रीमन या इतिहासकाराचं म्हणणं होतं की आवडीनिवडीची परीक्षा घेता येत नाही. तरी १८९४ मध्ये तिथे इंग्रजीचा अभ्यासक्रम सुरू झालाच. केंब्रिजला त्यासाठी १९१७ उजाडावं लागलं. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर तोवर कित्येक वर्षं इंग्रजी साहित्य शिकून बाहेर पडत होते. संस्कृती-अभ्यासही कुणी बाहेरून आणून लादलेला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातलं संस्कृती-अभ्यासाचं केंद्र १९६४ मध्ये उभं केलं ते रिचर्ड हॉगर्ट यांनी, आणि ते इंग्रजीचेच प्राध्यापक होते.

मुळात ‘घरीही बघता येतो’ म्हणणाऱ्यांनी सिनेमाच्या अभ्यासाला कसं बसतात ते पाहिलेलं नसतं. तीन मिनिटांचा एक प्रसंग घ्यायचा. पहिल्यांदा न थांबवता बघायचा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. मग तक्ता करायला बसायचं: शॉटचा (म्हणजे मध्ये न तोडता दिसणाऱ्या एका तुकड्याचा) क्रमांक, सेकंद, कॅमेऱ्याचं अंतर, कोन, हालचाल, आवाज, आणि पुढच्या शॉटवर कट कशावर होतो. समजा १८० सेकंदांत ३६ शॉट निघाले, म्हणजे सरासरी पाच सेकंदांचा एक. पण त्यांतल्या शेवटच्या चारांनीच साठ सेकंद घेतले असतील, तर प्रसंग नेमका कुठे रेंगाळला आणि त्या क्षणी कोण काय बोलायचं टाळत होतं, हा प्रश्न उभा राहतो. निबंध तिथून सुरू होतो. एवढ्या तक्त्याला अख्खी दुपार जाते. कवितेची ओळ वृत्त मोजत, यती कुठे पडते ते बघत वाचतात, तसंच हे काम आहे.

यात चुका होतात त्याही ठरलेल्या. पहिली म्हणजे विद्यार्थी गोष्ट सांगत बसतो. दुसरी जास्त चिवट: कॅमेरा वरून बघतो म्हणजे माणूस दुबळा, खालून बघतो म्हणजे बलवान, असे अर्थ गाईडमधून पाठ करून येतात. त्याच सिनेमात तोच कोन आधी तीनदा येऊन गेला असेल आणि तिन्ही वेळा माणूस नुसता जिना उतरत असेल, तर त्या अर्थाला काही आधार उरत नाही. आणि पहिल्याच परिच्छेदात चार फ्रेंच विचारवंतांची नावं आली, की पुढच्या दहा पानांत शॉट सापडणार नाही हे ओळखावं.

या चुका का होतात, यावर आपल्याकडे कुणी भांडत नाही. विद्यार्थी एकट्याने किती काम करतो, ते बघा. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास वर्ग. इथे एक क्रेडिट म्हणजे दहा तास काम, आणि त्यातलं बहुतेक विद्यार्थ्याने एकट्याने करायचं. वीस क्रेडिटच्या मॉड्यूलचे, म्हणजे एका पेपरचे, दोनशे तास, पण वर्ग जेमतेम वीस-बावीस तासांचा. एम.ए.ची एकूण १८० क्रेडिट्स, त्यांतली साधारण ६० प्रबंधाची, म्हणजे सहाशे तास आणि १५,००० शब्दांच्या आसपास लेखन. तेही बारा महिन्यांत. एका मॉड्यूलच्या चार हजार शब्दांसाठी विषय स्वतःच शोधायचा. शंभरात सत्तरच्या वर गुण, म्हणजे इथलं डिस्टिंक्शन, पडले तर लोक पार्टी करतात.

आता नेट परीक्षा बघा: १५० प्रश्न, तीन तास, सगळे बहुपर्यायी. इंग्रजीचा सहायक प्राध्यापक ज्या पात्रता परीक्षेतून येतो, तीत त्याला एक परिच्छेदही लिहावा लागत नाही. पुढे तो मुलांना लिहायला कसं शिकवणार? भांडायचंच असेल तर यावर भांडा. सिनेमाचा पेपर काढून कादंबरीचा पेपर टाकलात, तरी त्याची उत्तरं त्याच गाईडमधून येणार आहेत.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. २०२२ मध्ये शेफील्ड हॅलम विद्यापीठाने इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न इथेही विद्यापीठाच्या दारात उभा असतो.

आणि एका बाबतीत इथला वर्ग आपल्यापेक्षा कितीतरी गरीब आहे. मराठी सिनेमा इथे सबटायटलवर वाचला जातो. समजा, एखादी बाई सिनेमाभर नवऱ्याला ‘अहो, तुम्ही’ म्हणते आणि एका प्रसंगात, आवाज जराही न चढवता, ‘तू’वर येते. सबटायटलमध्ये दोन्हीकडे ‘यू’. पडद्यावर घर हललेलं असतं, आणि तक्त्यात त्याला रकानाच नसतो. महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच झटक्यात कळतं. पण लिहिताना तो ते गाळतो. त्याला वाटतं, हे तर घरचं, यात सिद्धांत कुठे आहे? प्रबंधाचा विषय खरा इथेच असतो. मूळ साधनंही तिकडेच आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, आणि भारतीय मूकपटांवर काम करायचं तर इथल्या माणसाला लॉ कॉलेज रोड गाठावा लागतो.

तो ‘अहो’ इथे समजावून द्यायला दीडशे शब्दांची तळटीप लागते, आणि अनेक विभागांत तळटीपाही शब्दमर्यादेत धरतात, म्हणजे तेवढे शब्द मूळ मुद्द्यातून कापायचे. पुण्याच्या किंवा नांदेडच्या वर्गात त्यासाठी एकही शब्द खर्चावा लागत नाही. बाई ‘तू’ म्हणते आणि चाळीस मुलं एकदम गप्प होतात. नेमक्या त्याच वर्गात सिनेमा लावू नका असं कुणी म्हणालं, की इतक्या लांबून भांडायला उठावंसं वाटतं. खरं सांगायचं तर त्या गप्प होणाऱ्या वर्गात आता आपण नसतो, हेही त्या चिडीत मिसळलेलं असतं.