पिकअप, ऑल-सीझन टायर आणि दरवर्षी फिरणारा तो फॉरवर्ड

नोव्हेंबर लागला की कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं सार असं: पिकअप घेतलीत ना, मग विंटर टायरवर पैसे घालवू नका. ऑल-सीझन टायरवर 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असतं, म्हणजे ते बर्फाला चालतात. वर गाडी फोर-बाय-फोर. फार तर दहा-प्लायचे (जास्त भार पेलणाऱ्या जाड बांधणीचे) रुंद टायर आणि वीस इंची रिम बसवा, टायरच्या कडेवर लिहिलेली हवा भरा आणि बिनधास्त राहा.

ह्यूस्टनमध्ये किंवा सॅन होजेत राहणाऱ्याचं यातला पहिला सल्ला मानून काही बिघडणार नाही. तिथे चांगले ऑल-सीझन टायर खरोखरच बारा महिने पुरतात. पण हा मजकूर कडक हिवाळ्याच्या ब्रॅम्प्टन, कॅलगरी आणि मिनिआपोलिसच्या ग्रुपांवरही तसाच्या तसा जातो, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

'एम+एस आहे म्हणजे बर्फाला चालतात.' हा शिक्का छापण्यासाठी टायरला बर्फावर एकही परीक्षा द्यावी लागत नाही. नक्षीतल्या खाचांचा आकार आणि त्यांचं प्रमाण ठरलेल्या व्याख्येत बसलं की कंपनी स्वतःच तो छापते. परीक्षेनंतर मिळतं ते चिन्ह वेगळं आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. त्यासाठी दाबलेल्या बर्फावर टायर किती जोर धरतो हे एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. तीही परीक्षा मुख्यतः गाडी पुढे खेचण्याची आहे. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबेल, हे त्यातून कळत नाही. म्हणजे हिमकणाचं चिन्हसुद्धा किमान पात्रता दाखवतं, आणि एम+एस तर त्या पात्रतेपर्यंतही पोचत नाही.

दुसरी गोष्ट रबराची. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नेहमीच्या ऑल-सीझनचं रबर ताठ होत जातं आणि रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं. क्वेबेकने हा वाद कायद्यानेच मिटवला आहे. तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत आणि त्यासाठी नुसतं एम+एस चालत नाही. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण विंटर टायर लावणाऱ्याला सवलत देणं विमा कंपन्यांना २०१६पासून बंधनकारक आहे.

मधला मार्ग आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही. 'ऑल-वेदर' नावाने विकले जाणारे टायर हिमकणाचं चिन्ह घेऊन येतात आणि उन्हाळ्यातही काढावे लागत नाहीत. टोरांटोच्या आसपास, साफ केलेल्या रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्याला मी हेच घ्यायला सांगेन. पहाटे बर्फ उपसणारी गाडी येण्याआधी निघावं लागत असेल किंवा कॅलगरीहून डोंगराकडे नेहमी जाणं असेल, तर मात्र अस्सल विंटरला पर्याय नाही.

'फोर-बाय-फोर आहे, मग टायरचं काय घेऊन बसलात?' सगळ्यांत घातक मुद्दा हाच. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की गाडी जागची हलते, चढ चढते. पण ब्रेक तर साध्या टू-व्हील ड्राइव्हचेही चारही चाकांना लागतात. थांबताना आणि वळताना फोर-बाय-फोर काही जास्तीचं देत नाही. सिग्नलला सगळ्यांच्या आधी सुटणारी पिकअप पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी थांबेलच असं नाही. शिवाय रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, त्यामुळे वळणावर शेपूट आधी सुटतं. वाळूची पोती टाकणार असाल तर ती मागच्या ॲक्सलच्या वर, बांधून ठेवा. टेलगेटला (हौद्याच्या मागच्या फळीला) चिकटवून ठेवलीत तर पुढची चाकं हलकी होतील.

'दहा-प्लाय घातले की जास्त माल नेता येतो.' नाही. गाडीची भारक्षमता दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेली असते आणि ती ॲक्सल, स्प्रिंग, ब्रेक, फ्रेम असं सगळं धरून ठरते. टायर बदलल्याने तो आकडा हलत नाही. इथे एक उलटा धोकाही आहे. पी२६५/७०आर१७ (२६५ मिलिमीटर रुंद, १७ इंची रिमचा) हा पॅसेंजर प्रकारातला टायर ११३ भार-निर्देशांकाचा (किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या क्रमांकाचा) असेल तर त्याची क्षमता १,१५० किलो. पिकअपवर वापरताना ती १.१ने भागायची, म्हणजे सुमारे १,०४५ किलो उरते. त्याच मापाचा, दहा-प्लाय म्हणून ओळखला जाणारा 'एलटी' (लाइट ट्रक) टायर १२१ निर्देशांकाचा, म्हणजे १,४५० किलोचा असतो, पण ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरल्यावर. पट्टीवरच्या ३५ पीएसआयवरच तो चालवलात तर तो जुन्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. एलटीकडे वळायचं असेल तर टायरवाल्याकडून भार-हवेचा तक्ता पाहून प्रेशर ठरवून घ्या. आणि जड ट्रेलर ओढायचा नसेल, खडीवरून रोजचं जाणं-येणं नसेल, तर वळूच नका. टायर जड होतो, गाडी खडखडते, पेट्रोल जास्त जातं.

'कडेवर लिहिलेली हवा भरा.' कडेवरचा आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे. कंपनीने दिलेल्या मापाचे, त्याच प्रकारचे टायर असतील तर हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे, आणि टायर थंड असताना. थंडीत दर साडेपाच अंशांना साधारण १ पीएसआय उतरतं. सप्टेंबरात २० अंशांत ३५ भरली असेल तर उणे १५ला ती २९च्या आसपास येते. तरीही डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा लागेलच असं नाही, कारण अमेरिकी नियमाप्रमाणे हवेचा इशारा २५ टक्के घट झाल्यावर देणं पुरेसं आहे. म्हणजे २६च्या जवळ. दिव्यावर विसंबू नका, गेज घ्या.

'रुंद टायर, मोठी रिम, जास्त पकड.' कोरड्या डांबरावर काही अंशी खरं. चिखलमिश्रित बर्फावर आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर तरंगायला बघतो, अरुंद टायर खाली कापत जातो. त्यातून २६५/७०आर१७च्या जागी २८५/७०आर१७ घातलात तर चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढतो. वेगाचा काटा १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०३च्या वर असाल. हिवाळ्यासाठी तर रिम लहान करावी. फोर्डच्या एफ-१५० पिकअपवर २७५/५५आर२० आणि २७५/६५आर१८ या दोन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच आहे. अठरा इंचीत रबराची भिंत उंच, त्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी आणि टायरही बहुधा स्वस्त.

जुनी रिम विकत घेताना 'सहा नटांची आहे, बसेल' यावर जाऊ नका. २००४नंतरच्या एफ-१५०चे सहा नट १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो १५०० पिकअपचे १३९.७वर. मधलं भोकही वेगळं: एकीचं ८७.१, दुसरीचं ७८.१ मिलिमीटर. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) आणि रिमवर कोरलेली भारक्षमताही पाहून घ्या.

राहिला खर्चाचा मुद्दा: टायरचे दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च, असं वाटतं. दोन सेट असले की प्रत्येक सेट वर्षातले काहीच महिने झिजतो, त्यामुळे टायरचा खर्च बराचसा भरून निघतो. जास्तीचा पडतो तो लोखंडी रिमांचा आणि हवेच्या सेन्सरांचा, तोही एकदाच. रिमसकट सेट असला की दर हंगामाला टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते, चाकं घरच्या जॅकवर बदलता येतात. बदलल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळणाऱ्या पान्याने) तपासा.