डीबगर खोटं बोलत नाही: -ओ२ च्या बिल्डबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

सी आणि सी++ शिकणाऱ्यांच्या आणि नव्यानं नोकरीला लागलेल्यांच्या ग्रुपांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: डीबगर (चालू प्रोग्राम थांबवून आत बघू देणारं साधन) व्हेरिएबलच्या नावावरून मेमरीतला पत्ता शोधतो आणि तिथलं मूल्य दाखवतो. -ओ२ सारखा पर्याय देऊन ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरकडून कोड वेगवान करून घेणं, चालू केलं की त्याचा गोंधळ उडतो, मग तो चुकीची मूल्यं दाखवतो नाहीतर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणून हात वर करतो. -जी (डीबग माहिती लिहायला सांगणारा कंपायलरचा पर्याय) लावलं की प्रोग्राम मंदावतो, त्यामुळे प्रॉडक्शनमध्ये ते नको. तेव्हा -ओ२ च्या बिल्डवर डीबगरच्या नादी लागू नका, कोडमध्ये मूल्य छापणारा प्रिंटएफ टाका आणि मोकळे व्हा.

हा सल्ला मानून मुलं एक अतिशय ताकदीचं हत्यार हातातून टाकून देतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

पहिला मुद्दा नावावरून पत्ता शोधण्याचा. चालू प्रोग्रामच्या मशीन कोडमध्ये लोकल व्हेरिएबलचं नाव कुठेच नसतं. ते असतं कंपायलरनं फाइलमध्ये वेगळ्या लिहिलेल्या डीबग माहितीत. लिनक्सवर या माहितीचं स्वरूप ड्वार्फ नावाच्या मानकानुसार असतं. ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये युनिक्स सिस्टिम पाचसाठी जन्माला आलं, आणि त्याची पाचवी आवृत्ती फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. विंडोजवर हेच काम पीडीबी फाइल करते.

आता एक साधं उदाहरण. एक्स८६-६४ प्रोसेसरवर जीसीसी या कंपायलरनं ऑप्टिमायझेशनशिवाय एक छोटं फंक्शन कंपाइल केलं, आत ‘एन’ नावाचा एकच लोकल इंट आहे. रीडएल्फ या साधनानं डीबग माहिती उघडली की एनच्या नोंदीत नाव, प्रकार, ओळ क्रमांक आणि स्थान दिसतं. स्थान म्हणून लिहिलेले असतात फक्त दोन बाइट, हेक्समध्ये ९१ आणि ६सी. हा पत्ता नव्हे, ही आज्ञा आहे: ‘फ्रेमचा पाया घे आणि त्यात उणे २० मिळव.’ फ्रेम म्हणजे फंक्शनच्या एका कॉलला मेमरीत मिळालेली जागा. तिचा पाया कुठला? ते फंक्शनच्या नोंदीत असतं, आणि ती नोंद डीबगरला आणखी एका तक्त्याकडे पाठवते. त्या तक्त्यात प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी लिहिलेलं असतं की या क्षणी पाया कसा काढायचा. फंक्शनचं सुरुवातीचं आवरासावर करणारं काम संपलं की उत्तर असतं आरबीपी या रजिस्टरमधला (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेतला) पत्ता अधिक १६. म्हणजे एन आहे आरबीपी उणे ४ वर, आणि असेंब्लीतही नेमकं तेच दिसतं. मग प्रकाराच्या नोंदीवरून डीबगरला कळतं की तिथून ४ बाइट वाचायचे आणि ते चिन्हासहित पूर्णांक म्हणून छापायचे.

एवढ्याशा ‘प्रिंट एन’मागे दोन तक्ते, एक रजिस्टर आणि एक बेरीज आहे. रिकर्शनमध्ये एकाच फंक्शनच्या दहा फ्रेम असल्या तरी एनची नोंद एकच असते. पत्ता लिहिलेला असता तर हे जमलंच नसतं. आज्ञा लिहिलेली आहे, म्हणून डीबगर फ्रेमगणिक रजिस्टरांची जुनी मूल्यं परत मिळवतो आणि तीच आज्ञा पुन्हा चालवतो. ग्लोबल व्हेरिएबलच्या बाबतीत मात्र सल्ल्यातलं वाक्य बरंचसं खरं आहे. तिथे खरोखर पत्ता असतो, फक्त प्रोग्राम मेमरीत कुठे चढला तेवढा फरक मिळवावा लागतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: ऑप्टिमायझेशननंतर डीबगर गोंधळतो हा आरोप. याचं मूळ आपल्या शिकवण्यात आहे. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, असं पहिल्या दिवशी सांगितलं जातं आणि ते चित्र डोक्यातून कधी काढलंच जात नाही. -ओ२ च्या कोडमध्ये असा कायमचा डबा बहुतेक वेळा नसतो, असतं ते फक्त मूल्य, आणि ते जागा बदलत राहतं.

लिनक्सवर फंक्शनचा पहिला पूर्णांक पॅरामीटर आरडीआय रजिस्टरमध्ये येतो. आतून दुसरं फंक्शन बोलावलं की आरडीआय तसंच राहील याची हमी नसते. मूल्य पुढे लागणार असेल तर कंपायलर ते आधी समजा आरबीएक्समध्ये हलवतो. शेवटचा वापर झाला की आरबीएक्सही दुसऱ्या कामाला लागतो. ड्वार्फमध्ये यासाठी स्थानांची यादी असते: या इन्स्ट्रक्शनपासून त्या इन्स्ट्रक्शनपर्यंत आरडीआय, तिथून पुढे आरबीएक्स, आणि त्यानंतर काहीच नाही. प्रोग्राम यादीत नसलेल्या टप्प्यात थांबला की डीबगर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणतो. यादी नीट असेल तर या उत्तराचा अर्थ एवढाच: ते मूल्य या क्षणी ना रजिस्टरमध्ये आहे ना मेमरीत. हे उत्तर बरोबर आहे. त्या जागी एखादा आकडा दाखवला असता, तर ते खोटं झालं असतं.

शिवाय ड्वार्फ एवढ्यावर थांबत नाही. स्थानाची आज्ञा म्हणजे स्टॅकवर चालणारा छोटा प्रोग्रामच असतो. त्यात बेरीज, वजाबाकी, शिफ्ट, मेमरीतून वाचणं असं सगळं करता येतं. लूपमधला ‘आय’ कंपायलरनं काढून टाकला आणि त्याच्या जागी ॲरेवर सरकणारा पॉइंटर ठेवला, तर ‘पॉइंटरमधून सुरुवात वजा कर, चारनं भाग, जे येईल तो आय’ असं लिहून ठेवता येतं. प्रत्येक वेळी कंपायलरला ते जमतंच असं नाही, पण जमलं तर अस्तित्वात नसलेल्या आयचंही मूल्य तुम्हाला दिसतं. मात्र त्याचा पत्ता मागितलात तर डीबगर नकार देईल, कारण पत्ता नाहीच. स्ट्रक्टचा अर्धा भाग एका रजिस्टरमध्ये आणि उरलेला दुसऱ्यात असेल तर तेही तुकड्यातुकड्यांनी लिहिता येतं.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी सोय वेगळीच आहे. पॅरामीटर हरवला असला तरी ज्या फंक्शननं बोलावलं त्याच्याकडे तो कसा बनला होता याची नोंद असू शकते. त्या ठिकाणी लिहिलेलं असतं की आरडीआयमध्ये भरलेलं मूल्य म्हणजे ५ हा स्थिरांक, किंवा बोलावणाऱ्याच्या आरबीएक्समधलं मूल्य. डीबगर एक फ्रेम वर जातो, ते काढतो आणि खाली आणून दाखवतो. जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) नावापुढे ‘@एंट्री’ दिसतं ते हेच. जीसीसीनं ही सोय आधी स्वतःची भर म्हणून आणली, पाचव्या आवृत्तीत ती मानकात गेली.

‘चुकीची मूल्यं’ या तक्रारीत तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. पूर्वी परिस्थिती खरोखर वाईट होती. २०१० मध्ये आलेल्या जीसीसी ४.५ पासून प्रत्येक असाइनमेंटची खूण अंतर्गत कोडमध्ये ठेवून ती ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यांतून पुढे नेली जाऊ लागली, तेव्हा मोठा फरक पडला. एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर संचही अशाच खुणा वापरतो, आणि मूल्याचा माग सुटला तर दिशाभूल करण्यापेक्षा ‘माहीत नाही’ म्हणावं असं तिथलं धोरण आहे. तरी चुका होतात. जीसीसीच्या बगांच्या नोंदवहीत ‘राँग-डीबग’ असा स्वतंत्र शेराच आहे. पण ज्याला लोक खोटं म्हणतात ते पुष्कळदा काही वेगळंच असतं: इन्स्ट्रक्शनांचा क्रम बदललेला असतो, पडद्यावरची ओळ पुढेमागे उडते आणि आपण समजतो ती असाइनमेंट अजून झालेलीच नसते.

-जीमुळे प्रोग्राम मंदावतो हा तिसरा मुद्दा सरळ चूक आहे. -जी असताना आणि नसताना वेगळा मशीन कोड निघाला तर जीसीसीचे लोक त्याला बग मानतात. तो पकडण्यासाठी दोनदा कंपाइल करून तुलना करणारा पर्यायही जीसीसीमध्ये आहे. फाइल फुगते, लिंकिंगला वेळ लागतो, हे खरं. पण डीबगचे विभाग प्रोग्राम चालताना मेमरीत चढवलेच जात नाहीत. डेबियन आणि फेडोरा ही लिनक्स वितरणं आपली पॅकेजं -ओ२ आणि -जी एकत्र लावूनच बांधतात आणि मग डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतात. गैरसमजाचं कारण उघड आहे: आयडीईमध्ये ‘डीबग’ निवडलं की सहसा ऑप्टिमायझेशनही बंद होतं, मंदपणा त्याचा असतो. सीमेक या बिल्ड साधनात ऑप्टिमायझेशन आणि डीबग माहिती दोन्ही देणारा ‘रेलविथडेबइन्फो’ हा प्रकार यासाठीच दिलेला आहे.

राहिला प्रिंटएफ. तो वाईट नाही, मीही वापरतो. पण ‘-ओ२ मधलं खरं काय ते प्रिंटएफच सांगतो’ हे मला मान्य नाही. तुम्ही मूल्य छापायला सांगितलंत की ते मूल्य हवंच असं ठरतं. कंपायलर जे काढून टाकणार होता ते आता राखून ठेवतो, रजिस्टरांची वाटणी बदलते, फंक्शन इनलाइन व्हायचं राहू शकतं, लूपचं व्हेक्टरायझेशन रद्द होऊ शकतं. थ्रेड असतील तर वेळाही बदलतात. म्हणजे तुम्ही तपासता तो प्रोग्राम बिघडलेला प्रोग्राम नव्हेच. आणि ग्राहकाकडे रात्री कोसळलेल्या प्रोग्रामची कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) हातात आली, तर त्यात प्रिंटएफ कुठे टाकणार? तिथे उपयोगी पडते ती त्याच बिल्ड आयडीची (बिल्डच्या ओळखखुणेची), जपून ठेवलेली डीबग फाइल.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसलं तर जीडीबीला ‘इन्फो ॲड्रेस’ आणि पुढे व्हेरिएबलचं नाव देऊन विचारा. यादी असेल तर तो प्रत्येक टप्पा आणि त्यातलं रजिस्टर दाखवतो. मूल्य जिवंत असलेल्या टप्प्यात, थेट इन्स्ट्रक्शनच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावा. टप्पा मागे गेला असेल तर ‘अप’ म्हणून वरच्या फ्रेममध्ये बघा, तेच मूल्य तिथे दुसऱ्या नावानं सापडतं का ते. एवढ्यानं भागलं नाही तर फक्त ती एक फाइल -ओजी (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) लावून पुन्हा बांधा, बाकीचा प्रोग्राम आहे तसा राहू द्या.