पवनचक्क्या पाऊस पळवतात म्हणे!

जून कोरडा जायला लागला की तो मेसेज परत ग्रुपवर फिरतोच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांनी ढग कापले म्हणून पूर्वेकडच्या माण-खटाव, आटपाडी-जतचा पाऊस गेला, कंपन्यांना पाऊस नकोच असतो, आणि शास्त्रज्ञ सगळे विकले गेलेत. खाली हात जोडलेले, "जास्तीत जास्त शेअर करा".

आता चक्क्यांमुळं दुष्काळ म्हणताय, तर १९७२ ला कुठली चक्की होती राव? पठारावर त्या आल्या नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव इंग्रजांनी दुष्काळी कामावर बांधून घेतला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे आपल्याकडं पाणी नाही हे त्यांनाही माहीत होतं. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्री चढताना थंड होतो आणि बहुतेक पाणी तिथंच ओततो, पलीकडं उतरताना तो तापत जातो, ढग विरतात, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर आणि तिथनं शंभरेक किलोमीटरवर माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. हे कोण कापणार?

बरं, पाती ढग कापतात म्हणे. चक्कीची उंची पात्यासकट शंभर-सव्वाशे मीटर धरा, पावसाळी ढग काही किलोमीटर जाडीचा असतो. जुलैत चाळकेवाडीजवळच्या ठोसेघरला जाऊन बघा, ढग पात्यांमधनं जातोय आणि पाऊस आडवातिडवा झोडपतोय. आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांची अवकाळीनं वाट लावली तेव्हा तिथल्याच ढालगावच्या चक्क्या काय सुट्टीवर होत्या?

कंपन्यांना पाऊस नको हे तर उलटंच आहे. इथं वारा सगळ्यात जास्त जून ते सप्टेंबर, तोच मान्सूनचा वारा, चक्क्यांची वर्षातली बहुतेक वीज त्याच महिन्यांत तयार होते. मान्सून रुसला तर त्यांचाही धंदा बसतो.

राहिले विकले गेलेले शास्त्रज्ञ. चाळकेवाडीवरच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी अभ्यास केला, २०१८ ला छापून आला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी, आणि खाणारं कुणी नाही म्हणून सरडे वाढलेले, तेही माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. टेक्सासमध्ये २०१२ च्या अभ्यासात सॅटेलाइटवरनं दिसलं की चक्क्यांच्या परिसरात रात्री जमीन थोडी जास्त गरम राहते, कारण पाती वरची हवा खाली ढवळतात. म्हणजे परिणाम होतात, ते मोजलेही जातात आणि छापलेही जातात. विकलेली माणसं असलं कशाला छापतील? पण यातली एक ओळ त्या मेसेजमध्ये नाही, कारण सरड्याचं कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझा राग त्या मेसेजवर आहे तो यासाठीच. गावच्या मीटिंगला कुणी उठून ढग कापल्याचं बोललं की कंपनीचा माणूस गालात हसतो, "अहो असं काही नसतं" म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असल्यानं सगळे गप्प बसतात. मग जमीन कुणाकडनं काय भावानं गेली, रस्त्यासाठी डोंगर फोडला त्याची माती कुणाच्या रानात वाहून आली, हे विचारायचं राहूनच जातं.