ब्रेकच्या वॉशरला इंजिन ऑइल लावू नका

जुन्या फोर-बाय-फोरचे पॉवर ब्रेक घरच्या घरी दुरुस्त करायचे पाच सल्ले देणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मेसेज म्हणतो, पेडल कडक झालं की बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा, गेला समजा. नवा परवडत नसेल तर व्हॅक्यूमचा पाइप काढून भोक बंद करा आणि गाडी तशीच चालवा. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) वॉशरना, म्हणजे रबरी सीलना, इंजिन ऑइल लावून बसवा, ब्रेक ऑइल कमी पडलं तर स्टिअरिंगचं ऑइल घाला. पेडल खाली जात असेल तर बूस्टरमधून मास्टरला ढकलणारा रॉड लांब करा. ऑइलमध्ये शिरलेली एअर काय, चालवता चालवता आपोआप निघते.

परवा हा मेसेज माझ्या भाच्याकडे पोचला. त्याने मास्टर सिलिंडर खोलून ठेवलाय आणि मला विचारतोय, "मामा, इंजिन ऑइल कुठल्या ग्रेडचं लावू?" कुठल्याच नाही!

म्हणून आधी तिसरा मुद्दाच घेतो. नेहमीच्या ब्रेक ऑइलचा पाया ग्लायकॉलचा असतो आणि ब्रेकमधली रबरं त्याच्याशीच जुळतील अशी बनवलेली असतात. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस ही सगळी खनिज तेलं. ती लागली की हे रबर फुगतं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, उलट पेडल छान लागतं, आणि म्हणूनच असे सल्ले टिकून राहतात. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की दाबलेलं ऑइल त्यातून परत जातं. वॉशर फुगला की तो पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं आणि दाब आतच अडकतो. लायनर घासत राहतात, चाकं तापतात, उष्णतेने ऑइल प्रसरण पावतं आणि ब्रेक आणखी पकडतो. शेवटी चाकं जॅम होतात, नाहीतर ऑइल उकळून पेडल थेट फरशीला टेकतं. हे उतारावर झालं तर काय, ते सांगायला नको.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं ब्रेक ऑइलसाठीचं सरकारी मानक आहे, एफएमव्हीएसएस ११६. डॉट ३, डॉट ४ हे वर्ग तिथलेच. पाणी, धूळ किंवा पेट्रोलियम पदार्थ मिसळले तर ब्रेक निकामी होऊ शकतात, ही सूचना डब्यावर छापणं त्या मानकाने सक्तीचं केलंय. म्हणजे उत्तर हातातल्या डब्यावरच असतं. वॉशर बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावा. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायची सवय असेल तर तीही सोडा. ब्रेक क्लीनर वापरा. आणि चुकीचं तेल आधीच गेलं असेल, तर नुसतं काढून नवं भरून भागत नाही. मास्टर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, होज, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदला आणि पाइप धुऊन काढा.

आता बूस्टर बंद करण्याबद्दल. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. बूस्टर बंद असला तरी ब्रेक लागतो, कारण पेडलचा जोर रॉडमधून मास्टरपर्यंत जातोच. खूप जुन्या गाड्यांना बूस्टर नव्हता हेही खरं. पण त्या गाड्यांचं पेडल वेगळं होतं. बिनबूस्टरच्या पेडलची तरफ साधारण ६ पट असते, बूस्टरवाल्याची ४ पटीच्या आसपास, आणि मास्टरचा बोअरही (आतला व्यास) त्या हिशेबाने ठरवलेला असतो. बूस्टरमधल्या २५ सेंटीमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवर, म्हणजे रबरी पडद्यावर, इंजिनचा चांगला व्हॅक्यूम मिळाला तर ३०० किलोच्या आसपास जोर तयार होतो. तो काढून घ्यायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, तर ती तूट पायाने कशी भरून काढणार? मोठे टायर लावलेली, सामानाने लादलेली गाडी उतारावर थांबवायची असेल तेव्हा तर नाहीच. बूस्टर काढायचाच असेल तर पेडल आणि मास्टर दोन्ही त्याला जुळणारे बसवा.

कडक पेडल म्हणजे बूस्टर गेला, हेही घाईचं निदान. पाइपला चीर, चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) खराब, डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप कमजोर, यांपैकी काहीही असू शकतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. नाही गेलं तरी आधी पाइपात व्हॅक्यूम येतोय का ते बघा, मगच बूस्टरला हात लावा.

रॉड लांब करणं म्हणजे तेच परतीचं भोक हाताने बंद करणं, परिणामही वर सांगितलेलाच. रॉड आणि मास्टरमधलं, मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर मोजून ठेवा. पेडल खाली जात असेल तर आधी एअर, गळती आणि ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट पाहा. आणि एअर आपोआप निघत नाही. नवा मास्टर आधी बाकावर ब्लीड करा, म्हणजे त्यातली हवा काढा, मग चाकं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट भाच्याच्या गाडीत सापडली. डबीतलं ऑइल कमी होत होतं, पण बाहेर कुठेच थेंब नव्हता. मास्टर सोडवला तर बूस्टरचं तोंड आतून ओलं. मास्टरचा मागचा सील गळला की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, तिथून इंजिनही ते ओढू शकतं आणि धूर पांढरा येतो. अशा वेळी नुसता बूस्टर बदलला तर गळका मास्टर नव्या बूस्टरमध्येही ऑइल सोडणार. भाच्याला दोन्ही एकदम बदलायला सांगितलंय.