‘दुबईत कर नाही’, पण कुणाला?

“पुण्यात फ्लॅट घेणारे वेडे! तेवढ्याच पैशात दुबईत घ्या. भाडं ७ टक्के, कर शून्य, महिन्याला फक्त १ टक्का हप्ता, वर गोल्डन व्हिसा. आणि तिथले भाव पडत नाहीत.” हा मेसेज सध्या सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. दुबईत नोकरी करणाऱ्या मावसभावासाठी यातलं बरंचसं खरं आहे. कोथरूडमध्ये राहून इथेच रिटर्न भरणाऱ्यासाठी नाही.

‘कर शून्य.’ दुबई घेत नाही, भारत घेतो. निवासी भारतीयाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तिथे कर भरलाच नाही तर इथे सूट कशाची मागणार? हिशेबच मांडू. समजा, १० लाख दिरहमचा फ्लॅट आणि वर्षाचं भाडं ७० हजार. इमारतीचा सर्व्हिस चार्ज १२ हजार धरा. भाडेकरू बदलताना रिकामा राहिलेला काळ आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ५ हजार. घरभाड्यावरची ३० टक्के प्रमाणित वजावट घेऊनही ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला साधारण १५ हजार कर बसतो. उरले ३८ हजारांच्या आत. खरेदीच्या वेळी ४ टक्के नोंदणी शुल्क आणि २ टक्क्यांच्या आसपास दलाली गेलीच होती. म्हणजे हातात पडतात जेमतेम साडेतीन टक्के.

शिवाय रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हा फ्लॅट दाखवावाच लागतो. लपवला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. मेसेजमध्ये हे कसं असेल?

‘१ टक्का हप्ता.’ प्रत्येक हप्ता रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेतून, बँकेमार्फतच जायला हवा. याच फ्लॅटचा हप्ता दरमहा १० हजार दिरहम, म्हणजे दिरहमला २४ रुपये धरले तर २ लाख ४० हजार रुपये. वर्षात १० लाखांच्या वर रक्कम गेली की पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ती रिटर्नमध्ये वळती होते हे खरं, पण तोवर अडकलेलीच.

‘गोल्डन व्हिसा.’ त्यासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. एलआरएसमध्ये माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. नवरा-बायकोचे मिळून होतात १८ लाख ३६ हजार दिरहम. रोखीनं घ्यायचं तर दोन आर्थिक वर्षं लागतील. आणि मिळतो तो १० वर्षांचा निवास परवाना, नागरिकत्व नव्हे. २०२५च्या जुलैत ‘१ लाख दिरहममध्ये आजन्म व्हिसा’ अशी बातमीही पसरली होती. तिथल्या सरकारने ती खोटी ठरवली.

‘भाव पडत नाहीत’ याला तर उत्तरही देऊ नये. २००८-०९मध्ये ते कोसळले. नोव्हेंबर २००९मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीला कर्जफेड लांबवून मागावी लागली आणि शेजारच्या अबू धाबीने मदतीला १० अब्ज डॉलर दिले. २०१४नंतरही भाव २०२०पर्यंत घसरत राहिले.

खरा भक्कम मुद्दा तर मेसेजमध्ये नाहीच: दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की फायदा होतो. पण तेवढंच हवं असेल तर अमेरिकी शेअर निर्देशांकाचा फंड घ्यावा. त्याला भाडेकरू शोधावा लागत नाही.