एका चार्जवर मोपा ते मुंबई? एका दाव्याचा प्रतिवाद

गोव्यातील विमानवेड्या तरुणांमध्ये, आणि आता त्यांच्या काका-मामांमध्येही, गेले काही दिवस एक मजकूर हातोहात फिरत आहे. घरी बांधलेल्या लहान विमानाचे पेट्रोल इंजिन काढून इलेक्ट्रिक गाडीची मोटर व बॅटरी बसवली की विमान हलके होते, एका चार्जवर गोव्यातील मोपा विमानतळाहून मुंबई गाठते, उतरताना पंखा फिरून बॅटरी पुन्हा भरते, मोटर कधी बंद पडत नाही आणि इंजिनच नसल्यामुळे परवान्याची भानगड उरत नाही, असा त्याचा आशय आहे. सोबत ताशी 555 किलोमीटर वेगाने उडालेल्या विजेवरच्या विमानाचा दाखला जोडलेला असतो.

विमान हलके होते, हे विधान अर्धे खरे आहे. लहान विमानांत सर्रास आढळणारे रोटॅक्स 912 हे इंजिन सुमारे 60 किलोचे असते, तर त्याच्या जागी बसू शकणारी मोटर 25 किलोच्या आत येते. मात्र वाचलेले वजन बॅटरी व्याजासकट वसूल करते. स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ या विमानाला युरोपीय नियामकाने जून 2020 मध्ये प्रमाणपत्र दिले. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेले ते पहिलेच. आपल्याकडे एनसीसीचे छात्र ज्या ‘व्हायरस’ विमानात बसतात, त्याच कुळातले हे विमान. बॅटरीसह त्याचे रिकामे वजन 428 किलो आणि उड्डाणाची कमाल मर्यादा 600 किलो. म्हणजे माणसांसाठी उरतात 172 किलो. रोज शीतकडीवर वाढलेले दोन धडधाकट गोवेकर बसले की हिशेब संपला. शिवाय पेट्रोल जळत जाते तसे विमान हलके होते, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाने धावपट्टीवर उतरते.

मुंबईच्या दाव्यापाशी जरा थांबावे लागेल, कारण सगळी गफलत तिथेच आहे. आमच्या वाड्यावरच्या पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, काट्यावर मी एका इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी ठेवून पाहिली. तिच्यावर 60 व्होल्ट, 32 अँपिअर-तास असे छापले होते, म्हणजे जेमतेम 1.9 किलोवॅट-तास वीज. वजन भरले 12 किलो 800 ग्रॅम. मग पूर्वी रस्त्याकडेला पर्यटकांना विकत तशी एक लिटर पेट्रोलची बाटली ठेवली. बाटलीसकट पाऊण किलोच्या आसपास काटा थांबला. त्या एका लिटरमध्ये सुमारे 9 किलोवॅट-तास उष्णता असते आणि इंजिनाने तीन चतुर्थांश वाया घालवली तरी पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर सव्वादोन किलोवॅट-तास उरतात. मोटर नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असते, असे मजकुरात कौतुकाने म्हटले आहे आणि ते बरोबरही आहे. पण ती कार्यक्षमता जमेस धरूनही पाऊण किलोची बाटली तेरा किलोच्या पेटीला भारी पडते.

आता हाच हिशेब हवेत नेऊ. मोपा ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 385 किलोमीटर आहे. ताशी 160 किलोमीटरने जाणाऱ्या 600 किलोच्या दोन आसनी विमानाला समतल उड्डाणात बॅटरीतून साधारण 32 किलोवॅट लागतात असे धरले, तर दोन तास पंचवीस मिनिटांचा प्रवास आणि अर्ध्या तासाची राखीव सोय मिळून 93 किलोवॅट-तास होतात. स्कूटरच्या बॅटरीच्या मापाने त्यासाठी सुमारे 620 किलोच्या पेट्या हव्यात. विमान माणसांसकट 600 किलोचे आणि बॅटरी त्याहून जड! पेट्रोलवर हेच काम चाळीसेक लिटरांत, म्हणजे तीस किलोंत होते.

राहिला 555 चा दाखला. तो खोटा नाही. रोल्स-रॉइसच्या ‘स्पिरिट ऑफ इनोव्हेशन’ने नोव्हेंबर 2021 मध्ये तो वेग गाठला आणि त्याचा सांगाडाही ‘नेमेसिस एनएक्सटी’ या शर्यतीसाठीच्या किट-विमानाचाच, म्हणजे सुटे भाग आणून जोडायच्या विमानाचाच होता. फक्त तो वेग तीन किलोमीटरच्या पट्ट्यावर मोजलेला आहे, एवढेच मजकुरात गाळले गेले. घरी बांधलेल्या विमानाचे खरे माप फ्रान्समधील ‘इलेक्ट्रा’ने दिले: 23 डिसेंबर 2007 रोजी हे एक आसनी विमान विजेवर 48 मिनिटे उडाले आणि त्याने 50 किलोमीटर अंतर कापले. आपल्या नकाशावर ते मोपा ते मडगाव इतके भरते, आणि माझ्या मते हे मुळीच कमी नाही.

उतरताना बॅटरी भरण्याची गोष्ट चटकन निकालात निघते. 600 किलोचे विमान एक हजार मीटर उंचीवर असताना त्या उंचीत साठलेली ऊर्जा असते 1.6 किलोवॅट-तास. त्यातली निम्मी परत मिळाली तरी दीड मिनिटाचे उड्डाण पदरात पडते, आणि चढताना त्याहून जास्त खर्च झालेलाच असतो.

मोटरमध्ये हलणारे भाग थोडे असतात आणि ती क्वचित बिघडते, हे मान्य. पण विमान एकट्या मोटरवर उडत नाही. बॅटरी, नियंत्रक, जोडण्या आणि थंडाव्याची सोय यांतले काहीही रुसले तरी पंखा थांबतो. नॉर्वेत ऑगस्ट 2019 मध्ये पिपिस्ट्रेलचेच एक विजेवरचे विमान शक्ती गेल्यामुळे तळ्यात उतरवावे लागले. विमानातले दोघेही सुखरूप होते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्कूटरच्या जोडण्यांवर एका पावसाळ्यात हिरवट थर चढतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. त्यात बॅटरी जागा मिळेल तिथे, म्हणजे आसनांमागे कोंबली, की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटला, की सावरण्यासाठी नाक खाली येईनासे होते.

परवान्याबाबत मजकूर सरळसरळ चुकीचा आहे. भारतीय कायद्यातील विमानाची व्याख्या हवेच्या प्रतिक्रियेने आधार मिळवणाऱ्या यंत्राची आहे. तीत इंजिनाचा उल्लेख नाही, उलट ग्लायडर, फुगे आणि पतंगसुद्धा आहेत. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान 2016 मध्ये मुंबईत लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला 2019 उजाडले. ते विमान पेट्रोलऐवजी विजेवर असते, तरी त्यातला एकही कागद कमी झाला नसता.