बेदाण्याचं पुस्तक कुठे ठेवायचं?

बैठकीहून घरी येऊन तास झाला, चहा दोनदा गरम केला, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितेय.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि गेली अकरा वर्षं शनिवार-रविवार बी.लिब.चे, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचे, तास घेते. आज कळलं, पुढच्या वर्षापासून आपला कोर्स 'ब्लेंडेड' होणार, म्हणजे काही भाग ऑनलाइन, काही वर्गात. मला आनंदच झाला. मग वेळापत्रक हातात आलं. ऑनलाइन काय टाकलंय? वर्गीकरण आणि तालिकीकरणाची (कॅटलॉग करण्याची) प्रात्यक्षिकं! आणि वर्गात काय? ग्रंथालयांचा इतिहास, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पंचसूत्रं, १९६७ चा ग्रंथालय कायदा. म्हणजे जे घरी बसून ऐकता येतं त्यासाठी पोरांना एसटीने बोलवायचं, आणि जिथे हातात पुस्तक लागतं तिथे पीडीएफ पाठवायची. कारण काय, तर पुस्तकांना विषयानुसार आकडे, म्हणजे वर्गांक, देणाऱ्या ड्युई पद्धतीचे चार खंड तीस जणांना पुरत नाहीत. अहो, पुरत नाहीत तर आणखी एक संच घ्या ना!

मी बी.लिब.ला होते तेव्हाची गोष्ट. सरांनी बेदाणा तयार करण्यावरचं एक पातळसं पुस्तक हातात दिलं. म्हणाले, वर्गांक दे. मी चौथ्या खंडातली सूची उघडली, द्राक्ष सापडलं, ६३४.८ लिहून मोकळी झाले. सर काही बोलले नाहीत. उठले आणि मला रॅकपाशी घेऊन गेले. "वाच बघू आजूबाजूची नावं." छाटणी, कलमं, भुरी-डाऊनीसारखे रोग. "यात बेदाणा कुठेय गं?" मग दोन रॅक ओलांडून ६६४.८ पाशी नेलं, फळं-भाज्यांवरची प्रक्रिया. वाटेत ६६३.२ वर वाइनचं एक पुस्तक होतं, तेही काढून दाखवलं. एकच द्राक्ष आणि तीन घरं. "सूची नुसती वाट दाखवते. घर आपण जाऊन बघायचं." वीस वर्षं झाली, अजून सूचीवरून थेट वर्गांक लिहायला माझा हात धजत नाही.

हे पीडीएफमध्ये कसं पाठवणार, सांगा मला.

यूजीसीने मे २०२१ मध्ये ब्लेंडेडचा मसुदा काढला, त्यात प्रत्येक कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवायची मुभा होती. आज बैठकीत तो आकडा सगळ्यांना पाठ होता. पण त्याच मसुद्यात लिहिलंय की ऑनलाइन आणि समोरासमोर यांची नुसती सरमिसळ म्हणजे ब्लेंडेड नव्हे, दोन्हीकडे काय करायचं ते नीट ठरवून जुळवायचं असतं. ते वाक्य कुणी वाचलं नव्हतं. मी वाचून दाखवलं, तर "मॅडम, पुढच्या विषयावर येऊ."

ऑनलाइनला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. माझ्या वर्गात एक ताई आहे, गावच्या वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर काम करते, दोन बस बदलून येते. तिला रंगनाथन मोबाइलवर, रात्री भाकऱ्या झाल्यावर ऐकता आले तर किती बरं होईल! कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर तर स्क्रीनवरच शिकायचं, थांबवून-थांबवून. तेवढं मान्य.

पण कोरोनात प्रात्यक्षिकंसुद्धा ऑनलाइन देऊन पास झालेला एक मुलगा माझ्याकडे कामाला आला होता. मार्क उत्तम. नवीन पुस्तकं दिली, तर त्याने नाव टाकून दुसऱ्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून आकडे उतरवून आणले. वेळ नसला की तसं मीही करते. पण हा आकडा इथे का, असं विचारल्यावर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. आधी मला राग आला. मग वाटलं, याचा काय दोष? याला कुणी रॅकपाशी नेलंच नाही.

बेदाण्याची गोष्ट अजून संपली नाहीये. पुस्तक ६६४.८ ला लावून मी परत निघाले, तर सरांनी थांबवलं. "तासगावचा बागायतदार आला तर हे कुठे शोधेल?" मी म्हटलं, द्राक्षांतच. "मग त्याने काय करायचं?" त्या दिवशी मी आयुष्यातलं पहिलं 'हेही पाहा' कार्ड लिहिलं. द्राक्ष, हेही पाहा बेदाणा. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचं १९३१ चं चौथं सूत्र मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर दहापैकी आठ मार्कही मिळाले होते. पण कळलं ते त्या दिवशी, न आलेल्या त्या बागायतदारामुळे.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. वेळापत्रक उलटं करा. व्याख्यानं घरी पाठवा आणि पोरांना रॅकपाशी आणा. उद्या लेखी अर्ज देणार आहे. माझ्याबरोबर सही करणार असाल तर इनबॉक्समध्ये सांगा, खाली अंगठे नकोत.

आणि माझ्या बॅचच्या मुलांनो, या शनिवारी अकराला लायब्ररीत या. चारही खंड टेबलावर काढून ठेवते. सात-आठ जणांत एक खंड येईल, आलटून पालटून घेऊ. उशीर होईल, डबा आणा. बेदाण्याचं पुस्तकही शोधून ठेवलंय.